‘अनेक’ फॉन्टकुटुंब: मराठी-इंग्रजी कामाच्या रोजच्या कसोटीवर

‘एक टाइप’ या मुंबईतल्या अक्षरसंस्थेने तयार केलेले ‘अनेक’ हे फॉन्टकुटुंब 2022 मध्ये गूगल फॉन्ट्सवर सर्वांसाठी खुले झाले. देवनागरी, बांगला, गुजराती, गुरुमुखी, कन्नड, मल्याळम, ओडिया, तमिळ, तेलुगू आणि लॅटिन (म्हणजे इंग्रजीची लिपी) अशा 10 लिप्या या कुटुंबात आहेत. हे परीक्षण मात्र देवनागरी आणि लॅटिन या जोडीपुरतेच आहे, कारण आमच्यासारख्या मुंबईतल्या डिझाइन एजन्सीत बहुतेक कामांचा शेवट याच दोन लिप्या एका चौकटीत बसवण्याने होतो आणि आम्ही हा फॉन्ट त्याच कामासाठी वापरतो.

काम कसे चालते हे आधी सांगायला हवे, नाहीतर फॉन्टचे मोल कळणार नाही. क्लायंटचा ब्रीफ, म्हणजे कामाची मागणी, इंग्रजीत येतो, मथळा इंग्रजीत सुचतो, मास्टर आर्टवर्क इंग्रजीत मंजूर होते आणि त्यानंतर, बहुधा संध्याकाळी उशिरा, मराठी अडॅप्टेशनची, म्हणजे तेच आर्टवर्क मराठीत करण्याची, मागणी येते. तोवर लेआउटमधली प्रत्येक जागा इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठरून गेलेली असते. मग मराठी मथळा त्या जागेत कोंबला जातो. तो मावत नाही म्हणून त्याचा आकार कमी होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे अक्षरे आडवी दाबली जातात. अशा दाबण्याने उभ्या रेषा बारीक होतात, शिरोरेषा मात्र आहे तशीच जाड राहते आणि सगळा मजकूर शिरोरेषेच्या ओझ्याखाली वाकल्यासारखा दिसतो. शहरातल्या कितीतरी होर्डिंगांवर अशी मराठी दिसते, आणि ती पाहून मला दरवेळी मनापासून वाईट वाटते.

‘अनेक’चे खरे महत्त्व इथे आहे. हा व्हेरिएबल फॉन्ट आहे. त्याचे वजन, म्हणजे रेषांची जाडी, 100 पासून 800 पर्यंत आणि रुंदी 75 पासून 125 पर्यंत (100 म्हणजे नेहमीची) हवी तशी ठरवता येते. वजन बदलता येणारे देवनागरी फॉन्ट आता दुर्मीळ नाहीत, परंतु रुंदीची एवढी मोकळीक देणारे फार थोडे आहेत, आणि मराठीला गरज आहे ती मुख्यतः रुंदीच्या मोकळिकीची. इंग्रजीत नाम, शब्दयोगी अव्यय आणि सर्वनाम वेगवेगळे लिहिले जातात, त्यामुळे ओळ कुठेही मोडता येते. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. ‘ग्राहकांसाठी’, ‘प्रवेशपरीक्षेपूर्वी’, ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ असे शब्द ओळीच्या शेवटी तोडणे वाचकाला रुचत नाही, आणि मोबाइलवरच्या अरुंद बॅनरमध्ये असा एकच शब्द सगळी ओळ व्यापतो. अशा वेळी रुंदी 100 वरून 85 वर आणली की शब्द मावतो. अक्षर दाबले गेल्यासारखे मुळीच दिसत नाही, कारण उभ्या रेषा, शिरोरेषा आणि अक्षराच्या पोटातली मोकळी जागा यांचे प्रमाण रेखाटणाऱ्यांनी त्या रुंदीसाठी नव्याने सांभाळलेले असते. शेजारचे इंग्रजी 100 वरच ठेवले तरी जोडी विजोड वाटत नाही. उलट, दोन अक्षरांचे नाव रुंद पाटीवर हरवून जात असेल तर 125 रुंदी त्याला जागा भरण्याइतका ऐसपैसपणा देते.

पाट्यांच्या कामात याचा उपयोग सर्वांत अधिक झाला. महाराष्ट्रात 2022 मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी नाव देवनागरीत असावे आणि त्याची अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशी अट आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिल्यावर मुंबईत पाट्यांची एकच धांदल उडाली. त्या घाईत अनेक ठिकाणी इंग्रजी नाव डिझायनरकडून नेटके करून घेतलेले आणि मराठी नाव पाटी बनवणाऱ्याच्या संगणकात जो फॉन्ट सापडला त्यात, असा प्रकार झाला. अट अक्षरांच्या आकाराची असली तरी पाहणाऱ्याला जाणवते ती दोन लिप्यांना मिळालेल्या काळजीतली तफावत. ‘अनेक’मध्ये दोन्ही लिप्यांच्या रेषांची जाडी आणि वळणांचा स्वभाव एकमेकांना धरून आहे. त्यामुळे ज्या दुकानाकडे स्वतंत्र अक्षरांकनासाठी पैसे नाहीत, त्यालाही दोन्ही भाषांत सारख्याच सन्मानाची पाटी मिळू शकते. हा फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्याने व्यावसायिक वापरालाही शुल्क नाही. किती संगणकांवर बसवला, संकेतस्थळाला किती लोकांनी भेट दिली, याचा हिशेब ठेवावा लागत नाही. छोट्या एजन्सीला हा मोठाच दिलासा आहे.

वापरणाऱ्याने काही गोष्टी मात्र स्वतःच पाहायला हव्यात. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी निवडलेली नसेल, तर कोणताही युनिकोड फॉन्ट घेतला तरी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न दिसता नंतर दिसते आणि जोडाक्षरांचे पाय उघडे पडतात. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हे मराठी वळण शासनाच्या 2009 च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयाने प्रमाण मानले आहे. त्यासाठी मजकुराची भाषा मराठी अशी नेमावी आणि आर्टवर्क छपाईला सोडण्यापूर्वी ती दोन अक्षरे डोळ्यांनी तपासावीत. आमच्याकडे प्रत्येक नव्या फायलीत आधी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द शेजारी लिहून पाहतात. फोनवरून आलेल्या मजकुरात हा अर्धा ‘र’ हमखास बिघडलेला असतो आणि दोष नाहक फॉन्टवर येतो. बाहेरच्या छापखान्यात फाइल जाणार असेल तर मथळ्यांची अक्षरे आउटलाइनमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या आकृतींमध्ये, बदलून पाठवणे सुरक्षित असते, कारण व्हेरिएबल फॉन्ट सगळीकडच्या यंत्रणांना पचतोच असे नाही.

आता मर्यादांविषयी. सर्वांत कमी रुंदी आणि सर्वांत जास्त वजन एकत्र आणले की ‘राष्ट्रीय’, ‘उत्कृष्ट’, ‘वैशिष्ट्यपूर्ण’ अशा शब्दांतली जोडाक्षरे लहान आकारात गर्दी करतात. मोठ्या मथळ्यात हे संयोजन जोरकस दिसते, पण पाकिटाच्या मागच्या बाजूच्या सूचनांसाठी ते वापरू नये. 100 वजनाची अक्षरे पडद्यावर देखणी असली तरी वर्तमानपत्राच्या कागदावर ती टिकणार नाहीत. दीर्घ मजकुरासाठी मी आजही एक टाइपचाच ‘मुक्त’ निवडेन. त्याची वजने सातच आहेत आणि रुंदी एकच, परंतु पानभर वाचताना त्याची लय अधिक शांत वाटते.

मोठी मर्यादा स्वभावाची आहे. ‘अनेक’ सभ्य आणि स्वच्छ आहे. बँक, रुग्णालय, महाविद्यालय, अॅप किंवा संग्रहालयातले फलक यांना तो शोभतो. परंतु ज्या मथळ्याला स्वतःचा आवाज हवा, तिथे तो पुरत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही करू नये. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना जी अक्षरे दिली, त्यांत नाटकाचा नूर जाहिरातीतच दिसत असे. र. कृ. जोशी यांनी तर उल्का या जाहिरात संस्थेत काम केले, पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवले आणि मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा फॉन्टही रेखाटला. या शहरातल्या जाहिरातक्षेत्राला असा वारसा असताना, चांगला फॉन्ट फुकट मिळतो म्हणून बोधचिन्हाचे किंवा नाटकाच्या शीर्षकाचे अक्षरांकन त्यावरच उरकणे मला पटत नाही. तिथे अक्षरकाराला बोलवावे आणि त्याचे मानधन अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावे.

ज्यांना हा फॉन्ट वापरून पाहायचा आहे, त्यांनी मराठी आणि इंग्रजी मथळे पहिल्याच लेआउटमध्ये शेजारी ठेवावेत, दोन्हींसाठी 500 किंवा 600 वजन घ्यावे, इंग्रजीची रुंदी 100 ठेवावी आणि मराठीची 85 ते 100 यांमध्ये शब्दांच्या लांबीनुसार ठरवावी. मराठी ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा थोडे जास्त सोडावे, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळणार नाही.