उसनं संगीत सोडल्यानंतरचे आठ महिने

माझ्या शिवणकामाच्या व्हिडिओंत बोलणं कमी, हात जास्त. बाही जोडताना तीन-चार मिनिटं नुसती सुई खालीवर होत असते, तेव्हा मागे काहीतरी सुरेल हवंच. आधी मी आवडीची गाणी लावायचे. ‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’, ‘खाली गायकाचं नाव दिलं की झालं’ असं जो तो सांगायचा. यूट्यूबच्या नियमांत अशी कुठलीच सूट नाही. आणि गाणं विकत घेतलं तरी ते ऐकायचा हक्क मिळतो, व्हिडिओला जोडायचा नाही. अकरा सेकंदांच्या तुकड्यावर ‘हे संगीत आमचं आहे’ असा दावा आला, त्या व्हिडिओची जाहिरातींची कमाई हक्कधारकाकडे गेली. त्यांची मेहनत होती, गेली ते योग्यच झालं.

त्यानंतर जुना संगीतकार बेथोव्हेन याच्याकडे वळले. तो १८२७ साली वारला, रचनेवर आता कुणाचाच हक्क नाही. पण मी घेतलेलं वादन अलीकडचं होतं, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. पुन्हा दावा.

गेले आठ महिने मात्र सगळं संगीत परवाना वाचूनच घेतेय. सर्वांत जास्त वापरली ती यूट्यूब स्टुडिओमधली ऑडिओ लायब्ररी. फुकट आहे, भाव, प्रकार, लांबी यांनुसार शोधता येतं आणि कमाईच्या व्हिडिओतही चालतं. काही तुकड्यांना श्रेय द्यावं लागतं, ती ओळ तिथूनच उचलून वर्णनात चिकटवायची. तक्रार एकच: संथ, एकाच वाद्यावरचं काही हवं असेल तर शोधण्यात संध्याकाळ जाते, आणि मिळालेला तुकडा आधी दहा ठिकाणी ऐकलेला असतो.

क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे कलाकाराने ठरावीक अटींवर सर्वांना वापरायला दिलेलं, संगीत इतर ठिकाणांहूनही घेतलं. इथे नीट बघा. परवान्यात ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर चालत नाही, माझ्या व्हिडिओंवर जाहिराती असल्याने ते बाद. ‘एनडी’ म्हणजे बदल करायचा नाही. मला वाटायचं, मी कुठे काय बदलतेय, आहे तसंच तर लावतेय. पण चालू ४.० आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की संगीत हलत्या चित्राशी जुळवणं हाच बदल धरला जातो. गिटारचे आठ सुंदर तुकडे जमवले होते, त्यातले पाच त्याच रात्री पुसून टाकले. जीवावर आलं.

तिसरा मार्ग वर्गणी भरून परवान्यासह संगीत देणाऱ्या संकेतस्थळाचा. दर्जा खरंच चांगला, पियानोचे तुकडे तर शिलाईच्या लयीला असे बसतात की काटछाटच करावी लागत नाही. पण चौथ्या महिन्यात रीतसर घेतलेल्या तुकड्यावरच दावा आला. त्यातला ढोलकाचा लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायचा तयार तुकडा, दुसऱ्याही एका संगीतकाराने वापरला होता आणि त्याच्या वितरकाने तो कंटेंट आयडीत, म्हणजे व्हिडिओतलं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत, नोंदवून ठेवला होता. असे सर्वांना खुले असलेले लूप तिथे नोंदवायचेच नसतात, तरी नोंदवले जातात. मी परवान्याचा क्रमांक देऊन हरकत घेतली. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात, माझ्या व्हिडिओवरचा दावा एकोणिसाव्या दिवशी सुटला. पाच दिवसांच्या आत हरकत घेतली असल्याने मधली कमाई राखून ठेवली होती, ती मिळाली. उशीर केला असता तर आधीचे दिवस हातचे गेले असते.

या सगळ्यात एक भीती मात्र गेली. दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे. दाव्याने सहसा त्या एका व्हिडिओपुरताच परिणाम होतो. स्ट्राइक हक्कधारकाने कायदेशीररीत्या व्हिडिओ काढायला लावला की बसतो, आणि ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेलवरच गदा येते.

आता प्रत्येक व्हिडिओच्या फोल्डरमध्ये ऑडिओ फाइलशेजारी परवाना आणि ज्या पानावरून ती घेतली त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट असतो. वर्गणी पुढच्या महिन्यात थांबवतेय, महिन्याला दोनच व्हिडिओ होतात, तेवढ्यासाठी परवडत नाही. माझ्या करारानुसार वर्गणी चालू असताना प्रसिद्ध केलेले व्हिडिओ पुढेही सुरक्षित राहतात, नंतरचे नाहीत. त्यामुळे कॉलरचे दोन आणि खिशाचा एक असे अर्धवट पडलेले तीन व्हिडिओ आधी हातावेगळे करणार आहे.