"काकू, नेट चालत नाहीये!" : टीपी-लिंक टीएल-एसजी१०८ई, सहा महिन्यांनंतर

नवी पेठेत आमची अभ्यासिका आहे. पूर्वी इथे सासऱ्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. मशीनं भंगारात गेली, टेबलं राहिली. दोन मजले, १०० एमबीपीएसची फायबर लाइन आणि बहुतेक मुलं एमपीएससीची. दिवसभर सगळं ठीक, पण संध्याकाळचे सात वाजले की "काकू, नेट चालत नाहीये" सुरू. खालच्यांचं म्हणणं, वरची पोरं सिनेमे उतरवतात. वरचे खालच्यांकडे बोट दाखवायचे. खोटं कशाला बोलू, माझाही संशय वरच्यांवरच होता.

भाचा म्हणाला, "मावशी, साधा स्विच काढ आणि हा टीएल-एसजी१०८ई बसव." स्विच म्हणजे राउटरचं नेट वेगवेगळ्या केबलींना वाटून देणारी डबी. तीन हजारांच्या आसपास पडला. आठ गिगाबिट पोर्ट (केबल खोचायच्या जागा), लोखंडी डबी, पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. अभ्यासिकेत हे महत्त्वाचं. ब्राउझरमधून उघडतो. १ नंबरला राउटर, २ आणि ३ ला दोन मजल्यांचे वायफाय, ४ ला ऑफिसचा कॉम्प्युटर, ५ ला कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर.

देखरेखीच्या पानावर आलेख वगैरे काही नाही. प्रत्येक पोर्टवर किती पॅकेट (नेटवरचा डेटा ज्या छोट्या तुकड्यांनी जातो ते) आली, किती गेली, एवढाच हिशोब. एसएनएमपी, म्हणजे हे आकडे दुसऱ्या सॉफ्टवेअरला आपोआप देण्याची सोय, नाही, त्यामुळे बाहेरूनही आलेख काढता येत नाहीत. पण दुधाचा हिशोब ठेवणाऱ्या बाईला एवढं पुरतं. आकडे क्लिअर करायचे, घड्याळ लावून एक मिनिट थांबायचं, रिफ्रेश करायचं. भरलेलं पॅकेट साधारण १५०० बाइटचं. मिनिटात २ लाख पॅकेट गेली तर ३० कोटी बाइट; बिटांसाठी आठने गुणायचं, सेकंदासाठी साठने भागायचं, म्हणजे ४० एमबीपीएस. पॅकेटं लहान असली तर आकडा फुगतो, पण अंदाज येतो.

सव्वासातला बसले मोजायला. वरचा मजला गरीब निघाला, खालचाही. ४ नंबरच्या पोर्टवरून मात्र एका मिनिटात जवळजवळ ४ लाख पॅकेट आत! म्हणजे ८० एमबीपीएस. ४ नंबर म्हणजे आमचा स्वतःचा कॉम्प्युटर. ह्यांनी भाचीच्या लग्नाचे सगळे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावले होते आणि रोज सातला बॅकअप सुरू व्हायचा. अपलोड तुंबला की डाउनलोडच्या पोचपावत्याही रांगेत अडकतात आणि सगळ्यांचंच नेट रडतं. वरच्या मुलांना त्या दिवशी मी चहा पाजला, कारण सांगितलं नाही.

आता मर्यादा. बँडविड्थ कंट्रोलच्या पानावर पोर्टवार दोन आकडे घालायचे, इनग्रेस आणि इग्रेस, तेही केबीपीएसमध्ये (१००० केबीपीएस म्हणजे १ एमबीपीएस). इथे मी चुकले. मला वाटलं इनग्रेस म्हणजे आपल्या कॉम्प्युटरमध्ये येणारं. तसं नाही, दिशा स्विचच्या बाजूने बघायची: स्विचमध्ये शिरतं ते इनग्रेस, म्हणजे आपला अपलोड; स्विचमधून बाहेर पडतं ते इग्रेस, म्हणजे आपला डाउनलोड. मी इग्रेसला २०००० घातले, तर ह्यांचं क्रिकेट अडखळायला लागलं आणि लग्नाचे व्हिडिओ मजेत चढत राहिले. आकडे उलटे केल्यावर सात वाजताची ओरड थांबली. दोन्ही मजल्यांना इग्रेस ४००००-४०००० ठेवलंय.

दोन गोष्टी घेण्याआधी समजून घ्या. मर्यादा पोर्टला लागते, माणसाला नाही. वरच्या मजल्याचे ४० एमबीपीएस एकाच पठ्ठ्याने खाल्ले तर स्विच त्याला हटकणार नाही. ते काम राउटरचं. आणि बदल केल्यावर "सेव्ह कॉन्फिग" वेगळं दाबावं लागतं. मी दाबलं नव्हतं, रात्री लाइट गेली आणि सकाळी सगळे आकडे गायब.

ह्यांचा बॅकअप आता पहाटे तीनला चालतो. मर्यादा मी तरीही काढलेली नाही. पुढच्या महिन्यात पुतण्याची मुंज आहे.