फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया: दुर्बिणीतून की छाती उघडून?
आईच्या उजव्या फुप्फुसातली दोन सेंटिमीटरची गाठ पहिल्या टप्प्यातली असल्याचे निदान झाले, तेव्हा शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करायची की छाती उघडून, हे आम्हाला ठरवायचे होते. काकांची नऊ वर्षांपूर्वी छाती उघडून झालेली शस्त्रक्रिया मी जवळून पाहिली होती. पाठीपासून काखेखालपर्यंत आलेला वण आणि कित्येक महिने शर्टाच्या बाहीत हात घालताना होणारा त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

दोन्ही पद्धतींत फुप्फुसाचा खंड तोच काढतात. फरक आत शिरण्याच्या वाटेत आहे. छाती उघडताना बरगड्या फाकवाव्या लागतात आणि त्यांच्यालगतच्या नसा दुखावतात, तर दुर्बिणीला एक ते चार लहान छेद पुरतात. ब्रिटनमधील नऊ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘व्हायोलेट’ अभ्यासात दुर्बिणीच्या गटात रुग्णालयातील गुंतागुंत सुमारे ३३ टक्के, तर खुल्या शस्त्रक्रियेच्या गटात ४४ टक्के होती, आणि गाठ पूर्ण निघण्याच्या बाबतीत दुर्बीण कमी पडली नाही. माझ्या मनातली मुख्य शंका तीच होती; ती फिटल्यावर आम्ही दुर्बीण निवडली.

शस्त्रक्रियेनंतर आत साचणारी हवा आणि द्रव बाहेर काढण्यासाठी छातीत नळी ठेवतात; तिच्या बाटलीतले पाणी आईच्या प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली होई आणि ती खोकली की बुडबुडे येत. बुडबुडे थांबल्यावर चौथ्या दिवशी नळी काढली. दहाव्या दिवशी तिने दोन्ही हात वर करून स्वतःचा अंबाडा घातला. तरीही वेदना मुळीच नसतात असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. छेदाखालची त्वचा तिला अजून बधिर लागते.

रक्तस्राव झाला किंवा लसिकाग्रंथी (कर्करोग पसरताना बहुधा आधी जिथे पोचतो त्या छोट्या गाठी) रक्तवाहिनीला घट्ट चिकटलेल्या निघाल्या तर छाती उघडावी लागेल, हे शल्यविशारदांनी संमतिपत्रावर सही घेण्याआधीच शांतपणे समजावले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. दुर्बिणीतून अशा किती शस्त्रक्रिया केल्या आणि कोणत्या लसिकाग्रंथी तपासणीला पाठवणार, हे दोन प्रश्न प्रत्येक नातेवाइकाने विचारावेत. दुर्बिणीवर हात बसलेला नसेल, तर अनुभवी हातांची खुली शस्त्रक्रिया मी निःशंकपणे निवडेन.

रुग्णालयाबद्दल तक्रार एकच आहे: फुप्फुस कापून शिवणाऱ्या स्टेपलरच्या काडतुसांचा, म्हणजे त्यात भरायच्या पिनांच्या संचांचा, खर्च आधी दिलेल्या अंदाजात नव्हता आणि तो अंतिम बिलात दिसला. खर्चाचा अंदाज लेखी घेताना हा आकडा वेगळा मागून घ्यावा.