प्रिया स्कूटरचं ‘फुल ओव्हरहॉलिंग किट’: अडीच स्टार, ते पण गॅस्केटमुळं

सरळ सांगतो, पहिल्यांदाच इंजिन खोलणार असाल तर हे किट निम्मं कामाचं आहे आणि निम्मं गाडीच्या मुळावर उठणारं. १८०० च्या आसपास पडलं. डब्यावर छापलंय, प्रिया, सुपर, चेतक सगळ्यांना चालेल, आणि हे वाक्य दिसलं की फ्री साइज शर्टासारखं समजायचं, अंगात जातो पण बसत कुणालाच नाही.

गाडी मामांची, प्रिया. बाहेरच्यांना माहिती नसंल म्हणून सांगतो, ही स्कूटर आपल्या साताऱ्यात बनायची, महाराष्ट्र स्कूटर्समधे, १९७५ ला बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून काढलेली कंपनी. त्यामुळं आपल्याकडं कुणाच्या ना कुणाच्या परड्यात एखादी प्रिया ताडपत्रीखाली असतेच आणि तिचं इंजिन पाठ असणारा मिस्त्री पण सापडतो, पण मला मिस्त्रीकडं टाकायचीच नव्हती, स्वतः खोलून बघायचं होतं, भले वेळ लागू दे.

इंजिन उतरवणं वाटतं तेवढं अवघड नाही. केबल सोडा, वायरी सोडा, मागच्या शॉकॅबचा खालचा बोल्ट काढा, मग तो एक लांबलचक बोल्ट ज्याच्यावर सगळं इंजिन लोंबकळतंय तो हाणून बाहेर, आणि अख्खं इंजिन चाकासकट हातात. अडतं ते मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक काढताना. त्याला पुलरच लागतो, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, हातोडी मारली की मॅग्नेटला तडा नाहीतर क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरणारा दांडा, वाकडा. किटच्या फोटोत पुलर झकास दिसतोय, डब्यात नाही. विचारलं तर म्हणे फोटो फक्त माहितीसाठी.

गॅस्केट, म्हणजे सांध्यात बसणारे कागद, चांगले आहेत, खोटं का बोला. केसिंगचा, म्हणजे इंजिनच्या खोक्याचा कागद जाड, एकसारखा कापलेला, भोकं बोल्टवर बरोबर आली, क्लच कव्हरचा पण तसाच, वर तो एक जादा आलाय. ब्लॉकखालचं (ब्लॉक म्हणजे पिस्टन ज्यात चालतो ते) मात्र बसवायच्या आधी केसिंगवर ठेवून बघा. माझ्यात त्याची कड ट्रान्स्फर पोर्टच्या तोंडात डोकावत होती. पेट्रोलचा वाफारा खालून वर जायची ती वाट, तिच्यातच कागद आला तर गाडी ओढणार कशी? नवीन ब्लेडनं तेवढी कड कापली, झालं. क्लचच्या प्लेटांवरचे कॉर्क ठीक, रात्रभर तेलात भिजवून बसवले, पकडतात.

आता खरी बोंब, ऑइल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारी रबरी कडी. टू स्ट्रोकमधे पेट्रोल आणि हवा आधी पिस्टनच्या खाली केसिंगमधे येते, तिथं दाबली जाते आणि मग वर जाते, म्हणजे केसिंग हवाबंद पाहिजेच. क्रँकच्या दोन्ही बाजूचे सील तेवढ्यासाठी असतात. मॅग्नेटच्या बाजूचं गळालं तर तिथून फुकटची हवा ओढली जाते, मिक्श्चर पातळ होतं, गाडी आपोआप रेस होते, खाली येत नाही, तापते आणि एक दिवस पिस्टन चिकटतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, मागं धुराचा लोट, प्लग ओला, आणि ऑइल कमी का होतंय म्हणून तुम्ही जमिनीवर डाग शोधत बसणार जो कुठंच नसतो. एवढ्या महत्त्वाच्या वस्तूचं या किटमधलं रूप बघा: सीलचा रबरी ओठ नखानं दाबला तर परत वर येत नाही, दाबलेलाच राहतो, आणि ओठामागं जी बारीक गोल स्प्रिंग असते ती एका सीलमधे इतकी ढिली की सील उलटं धरलं तर गळून टेबलावर पडली. हे सील बसवून इंजिन बंद केलं असतं तर परत सगळं खोलायचं होतं, कारण क्लचकडचं सील केसिंग खोलल्याशिवाय बदलताच येत नाही.

बेअरिंगवर कंपनीचं नावच नाही. बोटावर फिरवलं तर करकर आवाज, वाळू गेल्यासारखा. ते तसंच डब्यात परत ठेवलं.

मग गेलो पोवई नाक्याच्या अलीकडं एका जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात, बोर्ड वाचता येत नाही एवढा जुना. काऊंटरवरच्या काकांना म्हटलं प्रियाचे क्रँकचे सील द्या, तर वर न बघताच, “जुनं आणलंयस का? मग काय तोंड बघून देऊ?” जुनं दिलं, त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून त्याच्या कडेवरचे आकडे वाचले, व्हर्निअरनं क्रँकची जागा पण मोजायला लावली असती पण क्रँक घरी होता, आणि मग आतून तीन पुड्या आणून त्यातलं एकच दिलं. बेअरिंग पण तिथंच घेतलं, नावाचं. “केसिंग गरम कर, बेअरिंग फ्रीजात ठेव, ठोकायचं काम नाही” हा सल्ला फुकट. खरंच, केसिंग गॅसवर तापवून घेतलं आणि बेअरिंग टपकन आपल्या वजनानं बसलं. फ्रीजरमधे मटारच्या पिशवीशेजारी बेअरिंग बघून आईनं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

गाडी चालू झाली. पेट्रोलमधे लिटरला २० मिली टूटी, म्हणजे टू स्ट्रोकचं ऑइल असतं, पिस्टनच्या नवीन रिंगांसाठी थोडं जास्तच घालतोय, त्यामुळं सध्या धूर आहे. यवतेश्वरचा घाट चढवायची फार इच्छा आहे पण रिंगा बसेपर्यंत वाढे फाट्यापर्यंतच, तेही हळू. आयडलला सोडली की पटकन खाली येते, म्हणजे सील धरतंय.

तर किट घ्यायचंच असेल तर गॅस्केट आणि कॉर्कसाठी घ्या, नुसता गॅस्केट सेट स्वस्तात मिळाला तर त्याहून बरं, सील आणि बेअरिंग जुनं हातात घेऊन दुकानातून. विक्रेत्यानं सील परत घेतले नाहीत, पाकीट उघडलं म्हणे, आता न उघडता बघायचं कसं ते त्यालाच ठाऊक. क्लच कव्हरचं ते जादा गॅस्केट माझ्याकडं पडलंय, साताऱ्यात कुणाला पाहिजे असंल तर कळवा, पैसे नकोत.