शाळेत कोणता लावावा: पडद्यावरच्या संगणकांची तुलना

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन उरकलं की उरलेल्या वेळात आठवी-नववीच्या लेकरांना प्रोजेक्टरवर संगणकाचा एखादा सिनेमा दाखवावा, असं आपल्याकडच्या अनेक सर-मॅडमच्या मनात असतं. अडतं ते निवडीपाशी. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं धावतात, नायक दहा सेकंद बोटं आपटतो आणि बँक उघडते, असले सिनेमे ढिगाने आहेत. ते मुळीच दाखवू नका. ज्या घरात संगणक म्हणजे सेवा केंद्रात जाऊन पीक विम्याचा फॉर्म भरणं आणि ओटीपी सांगणं एवढंच माहीत आहे, तिथल्या मुलाच्या डोक्यात यंत्राचा धाक आधीच बसलेला असतो. सिनेमाने त्यात भर घालू नये.

माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे: 1983 चा ‘वॉरगेम्स’ आणि 2016 चा ‘हिडन फिगर्स’.

‘वॉरगेम्स’मधला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. डेव्हिड नावाच्या शाळकरी पोराला मुख्याध्यापकांच्या ऑफिसात पाठवतात. तिथल्या टेबलाशी एका कागदावर पासवर्ड लिहिलेले असतात, जुने खोडलेले, शेवटी नवा: ‘पेन्सिल’. पोरगं घरी येऊन त्याच शब्दाने शाळेच्या संगणकात शिरतं आणि आपले मार्क बदलतं. जादू काहीच नाही. कुणीतरी पासवर्ड लिहून ठेवला, दुसऱ्याने वाचला. पुढे लष्करी संगणकाचा चोरदरवाजा उघडतो तोही शास्त्रज्ञाच्या मुलाच्या नावाने. मुलाचं नाव, जन्मतारीख हेच पासवर्ड आपल्या घरोघरी आहेत, त्यामुळे लेकरांना हे लगेच पटतं. हा सिनेमा पाहून अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी आपल्या अधिकाऱ्यांना ‘असं खरंच होऊ शकतं का?’ असं विचारलं होतं आणि 1984 मध्ये सरकारी संगणकांच्या सुरक्षेचा आदेश निघाला.

शेवटाकडे मात्र सिनेमा घसरतो. क्षेपणास्त्रांचा कोड संगणक एकेक अक्षर करून शोधतो, सापडलेलं अक्षर पडद्यावर पक्कं होतं. खऱ्या यंत्रणेत अर्धा पासवर्ड बरोबर आला असं कोणी सांगत नाही. पूर्ण जुळला तर आत, नाहीतर बाहेर. इथे सिनेमा थांबवा आणि चार अंकी पिन फळ्यावर लिहून मुलांकडूनच हिशोब करून घ्या: एकेक अंक कळत गेला तर जास्तीत जास्त 40 प्रयत्न, नाहीतर 10,000. गणिताच्या तासाला एवढी रंगत क्वचित येते.

‘हिडन फिगर्स’चा सूर वेगळा. नासातल्या कॅथरीन जॉन्सन, डोरोथी वॉन आणि मेरी जॅक्सन या तिघींची ही खरी गोष्ट. तेव्हा हाताने आकडेमोड करणाऱ्या माणसांनाच कॉम्प्युटर म्हणत. मग आयबीएमचं अवाढव्य यंत्र येतं. आता आपली नोकरी जाणार, हे डोरोथीबाई ओळखतात, पुस्तकावरून फोर्ट्रान ही संगणकाची भाषा शिकतात आणि आपल्या सहकारी बायकांनाही शिकवतात. दहावीनंतर पोरीला शिकवायचं की नाही, यावर जिथे अजून घरात खल चालतो, तिथे हे दृश्य दाखवायलाच हवं. अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी 1962 च्या उड्डाणाआधी यंत्राचे आकडे कॅथरीनबाईंकडून तपासून मागितले हेही खरं; फक्त ती तपासणी सिनेमात दिसते तशी ऐनवेळी धावपळीत झाली नव्हती, आधीच निवांत झाली होती.

‘मिस्टर रोबो’ ही मालिका (2015 ते 2019) तांत्रिक अचूकतेत दोघांच्याही पुढे आहे, टाइप केलेल्या आज्ञासुद्धा खऱ्या वाटाव्यात अशा. पण नशा, आत्मघाताचे विचार, हिंसा सगळं त्यात आहे. शाळेत नकोच, इंजिनिअरिंगच्या मुलांनी स्वतः पाहावी.

‘जामतारा’ या मालिकेचा (2020) विचार पालकांसाठी करा. झारखंडमधली पोरं फोनवर बँकेचा माणूस बनून लोकांना लुटतात. संगणक जवळपास नाहीच, साधा मोबाइल आणि गोड बोलणं. अनुदान जमा झालं की आपल्याकडे येणारे फोन याच जातीचे असतात. शिव्या मात्र इतक्या आहेत की आई-लेकरांनी शेजारी बसून पाहणं अशक्य. त्यातली युक्ती पालकसभेत तोंडी सांगा आणि 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फळ्यावर लिहा.

एकच दाखवता येणार असेल तर नववीला मी ‘वॉरगेम्स’ लावेन, कारण त्यातली पासवर्डची चूक मुलं त्याच संध्याकाळी घरच्या मोबाइलवर सुधारू शकतात. वर्गात मुली जास्त असतील किंवा गणिताची भीती असेल तर बेलाशक ‘हिडन फिगर्स’. दोन्ही मूळ इंग्रजीत आहेत, तेव्हा मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगावं लागेल. दोन तासांच्या सिनेमाला तीन तास धरा आणि इन्व्हर्टर आदल्या दिवशीच तपासून ठेवा.