वर्डप्रेसच्या टेस्टसाठी डब्ल्यूपी-एन्व्ह: मराठी साइट असेल तर नक्की घ्या

वर्डप्रेसचं प्लगिन लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना पीएचपीयुनिट (पीएचपी कोडच्या टेस्ट चालवणारं टूल) माहिती असतं, पण टेस्ट चालवायची म्हटलं की सेटअपमध्येच दम निघतो आणि मग राहूनच जातं, म्हणून डब्ल्यूपी-एन्व्हबद्दल जरा सविस्तर लिहितोय. आपल्याच मशीनवर वर्डप्रेसची साइट उभी करून देणारं, वर्डप्रेसच्या गुटेनबर्ग (ब्लॉक एडिटर) प्रोजेक्टमधलंच टूल आहे, फुकट आहे, लागतं फक्त नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं), गिट आणि डॉकर (कंटेनर म्हणजे वेगळ्या बंदिस्त जागेत प्रोग्राम चालवणारं). प्लगिनच्या फोल्डरमध्ये स्टार्टची कमांड दिली की दोन साइट उभ्या राहतात, ८८८८ पोर्टवर रोजच्या कामाची आणि ८८८९ वर टेस्टची. दोन्हींचे डेटाबेस वेगळे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

कारण जुन्या पद्धतीत, म्हणजे डब्ल्यूपी-सीएलआयने (वर्डप्रेसचं कमांड लाइन टूल) टेस्टच्या फाइलींचा सांगाडा बनवून इन्स्टॉलची शेल स्क्रिप्ट चालवायची त्यात, डेटाबेसचं नाव आपणच द्यायचं, आणि टेस्ट लायब्ररी सुरू होतानाच ठरलेल्या प्रीफिक्सची (नावाआधीच्या अक्षरांची) वर्डप्रेसची टेबलं ड्रॉप करते, म्हणजे पुसूनच टाकते! चालू साइटचा डेटाबेस आणि तोच प्रीफिक्स दिला गेला तर सगळं गेलं. शिवाय फाइली टेंप फोल्डरमध्ये, मशीन रीस्टार्ट झालं की बऱ्याचदा परत डाउनलोड करा. इथे ती भानगडच नाही.

पीएचपीयुनिट टेस्टच्या कंटेनरमध्ये आधीच असतं. फक्त योस्ट कंपनीचं पीएचपीयुनिट पॉलिफिल्स (पीएचपीयुनिटच्या वेगवेगळ्या व्हर्जनमधले फरक सांभाळणारं पॅकेज) तेवढं कंपोजरने (पीएचपीची पॅकेजं आणणारं टूल) घ्या, वर्डप्रेसची टेस्ट लायब्ररी त्याशिवाय पुढेच जात नाही.

आता मराठीवाल्यांसाठी खरी गोष्ट. वर्डप्रेसमध्ये स्लगला (लिंकमधला, शीर्षकावरून बनणारा भाग) २०० कॅरेक्टरची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह एन्कोड होऊन ९ जागा खातं (काना, वेलांटी, हलंत सगळे वेगळे मोजायचे), म्हणजे जेमतेम २२ चिन्हं बसतात. 'महाराष्ट्र विधानसभा निवडणूक निकाल' असं शीर्षक दिलं तर स्लग 'महाराष्ट्र-विधानसभा-निवड' एवढाच उरतो, आणि 'महाराष्ट्र विधानसभा निवडणूक तारखा' अशी दुसरी बातमी आली की तिच्या स्लगच्या शेवटी 'निव-2' येतं. बातम्यांच्या साइटवर हे रोज होणार. तुमचं प्लगिन स्लगवरून काही शोधत असेल, शेअर लिंक बनवत असेल, तर याची टेस्ट हवीच हवी. टेस्ट लायब्ररीतल्या फॅक्टरीने (नमुन्याच्या पोस्ट बनवणारी सोय) दोन पोस्ट बनवायच्या, स्लग तपासायचे, चार-पाच ओळींचं काम, आणि प्रत्येक टेस्टनंतर डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन रोलबॅक होतं, म्हणजे केलेले बदल मागे घेतले जातात, त्यामुळे पोस्टचा कचरा साठत नाही. इंग्रजी शीर्षकांवर टेस्ट लिहून हे कधीच सापडणार नाही, कारण तिथे २०० अक्षरं सहज पुरतात.

ब्राउझरमधल्या टेस्टसाठी प्लेराइट (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) घ्या. गुटेनबर्गवाले आधी पपेटियर हे तसंच दुसरं टूल वापरायचे, ते प्लेराइटवर आले, आणि त्यांचं तयार युटिलिटी पॅकेज आपल्यालाही वापरता येतं, नवीन पोस्ट उघडणं, ब्लॉक टाकणं वगैरे एकेका ओळीत होतं. बटण दिसेपर्यंत प्लेराइट स्वतःच थांबतं म्हणून जागोजागी स्लीप (ठरावीक सेकंद थांबायची कमांड) टाकावे लागत नाहीत. ट्रेस व्ह्यूअर तर अप्रतिम, टेस्ट कुठे फसली ते स्टेपवार स्क्रीनसकट दिसतं. पण या टेस्ट हळू असतात हो, त्यामुळे पोस्ट लिहिणे, पब्लिश करणे, समोर नीट दिसणे एवढ्याच ठेवा, बाकी सगळं पीएचपीयुनिटमध्ये.

खटकणारं काय, तर डॉकर. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डॉकर, एडिटर आणि क्रोम एकत्र चालवणं जड जातं. विंडोजवर असाल तर प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर नको, डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) आत ठेवा, फरक लगेच जाणवेल. आणि कॉन्फिग फाइलमध्ये वर्डप्रेस आणि पीएचपीची व्हर्जन लिहूनच ठेवा, नाहीतर प्रत्येकाच्या मशीनवर वेगळं काहीतरी चालतं आणि एकाची टेस्ट पास, दुसऱ्याची फेल.

लॅपटॉप अगदीच दमत असेल तर गिटहब अॅक्शन्सवर (गिटहबच्या सर्व्हरवर कामं आपोआप चालवायची सोय) चालवा, तिथल्या उबंटू मशीनवर डॉकर आधीच असतं, पुश केलं की टेस्ट आपोआप सुरू.