साधा चष्मा की सोबत थेंबही?

फळ्यावरचं दिसत नाही म्हटल्यावर आईवडील विचारतात, चष्मा लावायचा की थेंबांवर भागेल? पण दोघांचं काम वेगळं आहे. मायनस नंबरात बहुधा डोळ्याचा गोळा मागे लांबत जातो आणि प्रतिमा डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) अलीकडे पडते. साधा चष्मा ती पडद्यावर आणतो, लांबणं थांबवत नाही. अ‍ॅट्रोपिनचे सौम्य थेंब (०.०१ ते ०.०५ टक्के) रोज रात्री घातले तर लांबणं मंदावू शकतं, फळा मात्र त्यांनी स्पष्ट दिसत नाही, आलेला नंबरही उतरत नाही. हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०५ टक्के सर्वांत परिणामकारक ठरलं. काहींना उजेड टोचतो, आणि सोलापूरच्या उन्हात तो जास्तच जाणवतो. थेंब अचानक बंद केले तर नंबर पुन्हा वेगानं वाढू शकतो.

माझं मत, चष्मा आधी, तोही पूर्ण नंबराचा. मुद्दाम कमी नंबर दिल्यानं वाढ रोखली जात नाही. नंबर वर्षाला अर्धा किंवा जास्त वाढत असेल, तर थेंबांबद्दल नेत्रतज्ज्ञांना जरूर विचारा. आणि मुलांना रोज दोन तास मोकळ्यावर खेळू द्या. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळी.